खातेवही सगळ्यांची, खिडकी एकाची

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेसाठी मी पदविका प्रमाणपत्रं तपासण्याचं छोटं ॲप लिहून दिलं होतं. प्रत्येक प्रमाणपत्राचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, ब्लॉकचेन या सामाईक डिजिटल वहीत नोंदवलेला, कागदावर क्यूआर कोड, आणि समोरच्या माणसाने त्यावर मोबाइल धरला की हिरवी खूण. संस्थेच्या सभागृहात नोकरी मेळावा होता. सकाळी अकराच्या सुमारास पाच-सहा टेबलांवर एकदम स्कॅनिंग सुरू झालं आणि थोड्याच वेळात एक मुलगा घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. त्याच्या प्रमाणपत्रावर फोन धरला की लाल अक्षरं उमटत होती: ‘नोंद सापडली नाही.’ त्याच्यामागून आणखी दोघी आल्या.

नोंद होती. चेनही व्यवस्थित चालू होती. आमचं ॲप ज्या कंपनीच्या नोडला, म्हणजे वहीची प्रत बाळगणाऱ्या संगणकाला, विचारत होतं, तिथला आमचा फुकटचा कोटा त्या सकाळी संपला होता. पलीकडून ‘४२९’ हा कोड येत होता, म्हणजे फार विनंत्या झाल्या, थांबा. आणि चूक माझ्या कोडमध्ये होती. उत्तरच आलं नाही आणि उत्तर ‘नाही’ असं आलं, या दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच डब्यात टाकल्या होत्या. अर्ध्या तासात मी दुसरी की, म्हणजे ती सेवा वापरायचा परवाना-कोड, टाकून गाडी रुळावर आणली. पण त्या अर्ध्या तासात तीन मुलांकडे खोटं प्रमाणपत्र घेऊन आलेली मुलं म्हणून पाहिलं गेलं. त्या मुलाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

आपल्याकडे ब्लॉकचेनबद्दल बोलताना वहीचं भरभरून कौतुक होतं. ही वही कुणा एकाची नाही, खोडता येत नाही, हजारो ठिकाणी तिच्या प्रती आहेत. हे सगळं खरं आहे. पण ती वही आपण वाचतो कुठून, याची चौकशी फारशी कुणी करत नाही. बहुतेक ॲपं ती एका खिडकीतून वाचतात आणि ती खिडकी भाड्याची असते. माझं मत असं आहे की खाजगी खेळात हे चालून जाईल. पण ज्या नोंदीवर माणसाचा प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा जमीन अवलंबून आहे, ती तपासणाऱ्या ॲपला असं दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्याची मुभा असता कामा नये.

आधी ही खिडकी म्हणजे काय ते बघू. फोनमधलं वॉलेट (डिजिटल पैशांचं पाकीट) किंवा ॲप स्वतः चेनला जोडलेलं नसतं. त्यात एक पत्ता लिहिलेला असतो, साध्या वेबसाइटसारखा. त्या पत्त्यावर कुणाचा तरी सर्व्हर असतो आणि सर्व्हरमागे नोड. तो नोड मात्र खरोखर नेटवर्कमध्ये असतो. इतर नोडशी बोलतो, दर १२ सेकंदांनी येणारा इथेरियम या चेनचा नवा ब्लॉक, म्हणजे नव्या व्यवहारांचा गठ्ठा, स्वतः तपासून घेतो. ॲप त्या पत्त्यावर छोटे छोटे प्रश्न पाठवतं. शेवटचा ब्लॉक कितवा? या खात्यात शिल्लक किती? या करारात (चेनवर ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये) ही नोंद आहे का? या प्रश्नोत्तरांच्या पद्धतीला जेसन-आरपीसी म्हणतात आणि त्या पत्त्याला आरपीसी एंडपॉइंट.

व्यवहार पाठवताना तुमच्या फोनमधली प्रायव्हेट की, म्हणजे फक्त तुमच्याकडे असलेली गुप्त किल्ली, त्यावर सही करते. मधल्या सर्व्हरला त्यातला एक आकडासुद्धा बदलता येत नाही. बदललाच तर सही जुळत नाही आणि नेटवर्क तो व्यवहार फेकून देतं. वाचताना मात्र आलेल्या उत्तरावर कुणाचीच सही नसते. शिल्लक विचारली, सर्व्हरने आकडा दिला, ॲपने तो पडद्यावर मांडला. लिहिण्याला गणिताचं संरक्षण आहे आणि वाचण्याला फक्त सर्व्हरवाल्याचा शब्द. ब्राउझरमधलं कुलुपाचं चिन्ह एवढंच सांगतं की तुम्ही त्याच सर्व्हरशी बोलताय. तो खरं बोलतोय की नाही, हे त्या कुलुपाला कळत नाही.

अभियांत्रिकीच्या मुलांसमोर बोलायची वेळ आली की मी हे करून दाखवतो. लॅपटॉपवर पन्नासेक ओळींचा एक सर्व्हर चालू करतो. त्याला काहीही विचारा, तो बाकीची उत्तरं नीट देतो, पण शिल्लक विचारली की दरवेळी एक हजार इथर (इथेरियमचं चलन) सांगतो. वॉलेटमध्ये नेहमीच्या पत्त्याच्या जागी माझ्या लॅपटॉपचा पत्ता टाकला की रिकाम्या खात्यात हजार इथर दिसायला लागतात. वॉलेट कुठलीही शंका घेत नाही. मुलं आधी हसतात आणि मग गप्प होतात. नेमकी हीच युक्ती वापरून भामटे लोकांना वॉलेटमध्ये नवा पत्ता टाकायला लावतात, ‘बघा, पैसे जमा झाले’ म्हणून खोटी शिल्लक दाखवतात आणि बदल्यात खरा माल किंवा खरी रक्कम घेऊन जातात. चेनवर काहीच घडलेलं नसतं.

हे असंच व्हायला हवं होतं, असं काही नाही. सातोशी नाकामोतो या नावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या नऊ पानी निबंधात एक आठवा विभाग आहे. पूर्ण वही बाळगायची नसेल तर काय करावं, ते त्यात सांगितलंय. ब्लॉकची फक्त शीर्षकं जवळ ठेवायची आणि आपला व्यवहार त्या ब्लॉकमध्ये आहे याचा मर्कल पुरावा, म्हणजे त्या शीर्षकाशी ताडून बघता येणारी हॅशची छोटी साखळी, मागायचा. म्हणजे घरोघरी पूर्ण नोड चालवला जाईल असा भाबडा समज पहिल्या दिवशीही नव्हता. अपेक्षा एवढीच होती की ज्याला विचाराल त्याच्याकडून पुरावा घ्या. पुढच्या काळात आपण तो पुरावा मागणंच सोडून दिलं.

का सोडलं, हे मला नीट समजतं, कारण मीही तेच केलं. इथेरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालं. आज त्याचा पूर्ण नोड चालवायचा तर २ टेराबाइटची वेगवान एसएसडी, १६ जीबी रॅम आणि अखंड चालणारं इंटरनेट लागतं. बिटकॉइनची वहीही ६०० जीबीच्या पुढे गेलीय. मोबाइलवर हे शक्य नाही आणि ब्राउझरमध्ये तर नाहीच. २०१६ मध्ये कन्सेन्सिस कंपनीची इन्फ्युरा ही सेवा आली. नोड आम्ही चालवतो, तुम्ही फक्त आमचा पत्ता वापरा. मेटामास्क हे वॉलेटही त्याच वर्षीचं आणि त्याच कन्सेन्सिस कंपनीच्या घरातलं. वॉलेटमध्ये आधीपासून भरलेला पत्ता इन्फ्युराचा असणं ओघानेच आलं. मग अल्केमी आली, क्विकनोड आली. एक ओळ लिहा, काम सुरू. संध्याकाळपर्यंत ॲप तयार करायचं असलेल्या माणसाने दोन टेराबाइटच्या भानगडीत पडावं असं मी तरी कुणाला सांगणार नाही. या कंपन्यांनी काम चोख केलं म्हणूनच लोक त्यांच्याकडे गेले. पण ज्याच्या दारात सगळे जातात, ते दार बंद पडलं की काय होतं, हे नंतरच्या वर्षांनी दाखवलं.

११ नोव्हेंबर २०२० हा दिवस या धंद्यातल्या माणसांना आठवतो. नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला क्लायंट म्हणतात, आणि इथेरियमचा सर्वाधिक वापरला जाणारा क्लायंट म्हणजे गेथ. त्यातला एक जुना दोष नव्या आवृत्तीत गाजावाजा न करता दुरुस्त केला होता. ज्यांनी आवृत्ती बदलली नव्हती त्यांचे नोड त्या दिवशी एका विशिष्ट व्यवहारावर अडखळले आणि चुकीच्या फांदीवर, म्हणजे वहीच्या वेगळ्या प्रतीवर, गेले. इन्फ्युराचे नोड जुन्या आवृत्तीचे होते. मेटामास्कमध्ये लोकांना शिल्लक धड दिसेना, बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजने इथरचे पैसे काढणं तात्पुरतं थांबवलं, आणि इथेरियम बंद पडल्याची आवई उठली. नेटवर्क बंद पडलं नव्हतं. बहुसंख्य नोड योग्य वहीवर होते, ब्लॉक येत होते, व्यवहार होत होते. सगळ्यांची खिडकी तेवढी चुकीच्या वहीसमोर उघडली होती. आणि खिडकीतून बघणाऱ्याला हे ओळखायचं कुठलंही साधन हाताशी नव्हतं. मला या घटनेत सगळ्यात जास्त हे बोचतं. बंद पडलेलं दार निदान बंद दिसतं.

दुसरी घटना ३ मार्च २०२२ ची. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर अमेरिकेने निर्बंधांचे नवे आदेश काढले होते. त्यांचं पालन करताना इन्फ्युराच्या मांडणीत एक नियम हवा त्यापेक्षा रुंद लिहिला गेला आणि व्हेनेझुएलातल्या लोकांचं मेटामास्क चालेनासं झालं. कंपनीने चूक मान्य केली आणि दुरुस्त केली. हेतू वाईट नव्हता हे मला मान्य आहे. पण ज्या देशात चलनाची किंमत वर्षानुवर्षे घसरत आली होती, तिथला माणूस ‘हे पैसे कुणीही अडवू शकत नाही’ या भरवशावर आला होता. त्याचे पैसे कुणी घेतले नव्हते. त्याला फक्त त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. त्याच्या दृष्टीने यात फरक किती?

त्याच वर्षी १ जुलैला अँकर या सेवेच्या पॉलिगॉन आणि फँटम या चेनसाठीच्या फुकट पत्त्यांचं डोमेनच चोरांनी ताब्यात घेतलं. डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीला फसवून खात्याचा ईमेल बदलून घेतला होता. त्या पत्त्यावर प्रश्न विचारणाऱ्या ॲपांमधून लोकांना त्यांचे वॉलेट उघडणारे गुप्त शब्द एका खोट्या साइटवर भरायला सांगणारा संदेश जाऊ लागला. बिटकॉइनच्या इलेक्ट्रम वॉलेटच्या बाबतीत डिसेंबर २०१८ मध्ये असंच घडलं होतं. दुष्ट सर्व्हर ‘नवी आवृत्ती घ्या’ असा निरोप पाठवत आणि ती नवी आवृत्ती म्हणजे चोराचं वॉलेट.

८ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेच्या अर्थखात्याने टॉर्नेडो कॅश या पैशाचा माग पुसणाऱ्या सेवेवर निर्बंध घातले, आणि इन्फ्युरा व अल्केमी यांनी त्या सेवेच्या करारांकडे जाणाऱ्या विनंत्या अडवायला सुरुवात केली. उत्तर कोरियाच्या हॅकरांनी चोरीचा पैसा तिथून धुतला होता. त्या पैशाबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. करार चेनवर अखंड चालू होता, पण दोन कंपन्यांनी खिडकी लावून घेतल्यावर सर्वसामान्य माणसापुरता तो जवळजवळ नाहीसा झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ते निर्बंध अधिकाराबाहेरचे ठरवले आणि २१ मार्च २०२५ ला ते मागे घेतले गेले. अमेरिकेतल्या कंपनीला अमेरिकेचा कायदा पाळावाच लागणार, त्यात गैर काही नाही. प्रश्न आपल्याला विचारायचा आहे. आपल्या तहसील कचेरीतला दाखला वाचायची वाट त्या कायद्याखालून का जावी?

खाजगीपणाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. वहीवर नाव नसतं, फक्त खात्याचा आकडा असतो. खिडकीवर बसलेल्याला मात्र आकडा आणि तुमचा आयपी पत्ता दोन्ही एकत्र दिसतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये कन्सेन्सिसने आपल्या धोरणात हे स्पष्ट लिहिलं तेव्हा बराच गदारोळ झाला; पुढच्या महिन्यात ही माहिती सात दिवसांपुरतीच ठेवू असं कंपनीने जाहीर केलं. त्यांनी निदान सांगितलं तरी.

आता आपल्या घरातली गोष्ट. मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात ६५,००० जातीचे दाखले पॉलिगॉन या चेनवर नोंदवण्याचा उपक्रम जाहीर झाला. पॉलिगॉन मूळची भारतीय तरुणांनी उभी केलेली चेन. दाखल्याचा हॅश चेनवर, कागदावर क्यूआर, खोट्या दाखल्यांना आळा. कल्पना चांगली होती आणि तिच्यामागची कळकळ मला खरी वाटते. माडिया मुलीचा दाखला नागपूर किंवा पुण्याच्या कॉलेजात कुणी संशयाने उलटून पाहू नये, यासाठी खर्च केलेला प्रत्येक रुपया सार्थकी आहे.

आणि म्हणूनच हा प्रश्न तिथे विचारला पाहिजे. अशा कुठल्याही उपक्रमात कॉलेजच्या प्रवेश खिडकीवरचा कारकून क्यूआरवर फोन धरतो तेव्हा तो फोन कुणाला विचारतो? कंत्राटदाराच्या वेबसाइटला विचारत असेल आणि ती वेबसाइट कुणा परदेशी कंपनीच्या नोडला, तर ६५,००० दाखल्यांचा खरेखोटेपणा शेवटी एका वेबसाइटच्या हिरव्या खुणेवर येऊन थांबतो. मग चेनची गरज काय होती? कंत्राट संपलं, कोटा संपला, कंपनी बुडाली, कुणी डोमेनचं भाडं भरायला विसरलं, की चेनवरची नोंद अढळ राहते आणि मुलीसमोर मात्र लाल अक्षरं येतात. माझ्या मेळाव्यातल्या तीन मुलांसारखी. आणि ही मुलगी तर गडचिरोलीहून बसने आलेली, परत जाऊन ‘दाखला का सापडत नाही’ विचारायला तिला दोन दिवस लागणार.

इथे एक तुलना करून बघण्यासारखी आहे. १ मे २०१८ पासून आपल्याकडे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्या पीडीएफवर सही आहे. महाभूमीची साइट बंद असली तरी ती सही तुम्हाला तुमच्या संगणकावर तपासता येते, कारण सहीची साखळी देशाच्या प्रमाणन यंत्रणेपर्यंत जाते. कागद स्वतःचा पुरावा स्वतःच बाळगतो. पण व्यवहारात काय होतं? पीडीएफ उघडली की पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं, कारण संगणकावर ती साखळी बसवलेली नसते. सेतू केंद्रात त्या प्रश्नचिन्हासकट प्रिंट काढतात, बँकेचा माणूस त्या प्रिंटवर विश्वास ठेवतो, आणि सही संगणकातच राहून जाते. तंत्र होतं, ते वापरायची वाट शेवटच्या माणसापर्यंत नेली नाही. ब्लॉकचेनच्या बाबतीत आपण हीच चूक आणखी महागडी करून पुन्हा करतोय.

जातीच्या दाखल्याला साध्या डिजिटल सहीने भागलं असतं का? खरं सांगायचं तर बहुतांश कामासाठी भागतं. देणाऱ्या कचेरीनेच मागाहून नोंद बदलू नये, जुन्या तारखेने नवा दाखला घुसडू नये, एवढ्यापुरता चेनचा खरा उपयोग आहे, आणि तो मोठा उपयोग आहे. पण तोच उपयोग खिडकीमुळे वाया जातो. खिडकी ज्याच्या ताब्यात, त्याने सांगितलेली तारीख आपण मान्य करणार असू, तर वहीत खोडता येत नाही याला काय अर्थ उरला?

‘मग प्रत्येक तहसील कचेरीत नोड बसवायचा का?’ असं मला विचारलं जातं. नाही. वीज जाते, एसएसडी भरते, दर काही आठवड्यांनी आवृत्ती बदलावी लागते. माझ्या घरी चालवलेला नोड मी उन्हाळ्यात दोनदा नव्याने उभा केलाय. पॉलिगॉनचा पूर्ण नोड तर इथेरियमपेक्षाही जड. पण राज्यात असे पाच-दहा नोड चालवणं अशक्य नाही. एका चांगल्या लॅपटॉपच्या किमतीत इथेरियमचं यंत्र उभं राहतं. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, विद्यापीठं आहेत, शिकायला उत्सुक मुलं आहेत. पुण्यात एक, नागपुरात एक, छत्रपती संभाजीनगरला एक, वेगवेगळ्या क्लायंटवर चालणारे, म्हणजे २०२० सारखा एकाच सॉफ्टवेअरचा दोष सगळ्यांना एकदम आडवा करणार नाही. ॲपने तिघांना विचारावं आणि उत्तरं जुळली नाहीत तर ते पडद्यावर सांगावं.

‘दोन-तीन कंपन्यांचे पत्ते ॲपमध्ये टाकले की झालं,’ हा दुसरा युक्तिवाद. काहीच नसण्यापेक्षा तो बरा. पण अनेक सेवा आतून त्याच दोन-चार मोठ्या क्लाउडवर बसलेल्या असतात. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरांत बिघाड झाला तेव्हा जगभरच्या असंख्य सेवांबरोबर कॉइनबेससारखं मोठं एक्स्चेंजही अडखळलं. तीन खिडक्या एकाच इमारतीत असतील तर इमारतीचं दार बंद झाल्यावर तिन्ही बंद.

खरा मार्ग २००८ च्या त्या आठव्या विभागातच आहे: उत्तराबरोबर पुरावा घ्या. इथेरियममध्ये ऑक्टोबर २०२१ पासून ५१२ व्हॅलिडेटरांची, म्हणजे ब्लॉकची खात्री करणाऱ्यांची, एक समिती असते. साधारण २७ तासांनी ती बदलते, आणि प्रत्येक ब्लॉकच्या शीर्षकावर तिची सामूहिक सही असते. फोनला तेवढी सही तपासता येते. मग कुठल्याही सर्व्हरला विचारायचं, ‘या खात्यातली नोंद सांग, आणि ती या शीर्षकाखाली येते याचा मर्कल पुरावाही दे.’ हेलिओस नावाचा असा हलका क्लायंट नोव्हेंबर २०२२ पासून फुकट उपलब्ध आहे. तो काही सेकंदांत तयार होतो आणि डिस्कवर जवळजवळ काही साठवत नाही. माझ्या हजार इथरवाल्या सर्व्हरला तो तिथल्या तिथे पकडतो. या पद्धतीतही उणिवा आहेत. त्या समितीने खोटी सही केली तर तिला दंड नाही, आणि सर्व्हरने उत्तरच दिलं नाही तर पुरावा काय करणार? पण खोटं बोलण्याची वाट तरी बंद होते, आणि गप्प बसणाऱ्याला सोडून दुसऱ्याकडे जाता येतं. पॉलिगॉनही आपल्या ब्लॉकांचा सारांश ठरावीक अंतराने इथेरियमवर नोंदवतं, म्हणजे तिथल्या नोंदीचा पुरावाही इथेरियमपर्यंत नेऊन ताडता येतो.

दाखल्यांसाठी याहूनही सोपं काही करता येईल, आणि त्याला इंटरनेटसुद्धा लागणार नाही. हिशेब करून बघा. ६५,००० दाखल्यांचे हॅश एका मर्कल झाडात (दोन-दोन हॅश जोडत वर एकच मूळ उरेपर्यंत) मांडले तर झाडाची उंची होते १६ पायऱ्या, कारण दोनाचा सोळावा घात ६५,५३६. प्रत्येक पायरीवरचा हॅश ३२ बाइटचा. म्हणजे एखादा दाखला त्या झाडात आहे याचा पूर्ण पुरावा ५१२ बाइटमध्ये मावतो. क्यूआर कोडमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट बसतात. पुरावा कागदावरच छापता येतो! फोनला बाहेरून फक्त एक गोष्ट माहीत असावी लागते, झाडाचं मूळ, तेही ३२ बाइट. एटापल्लीत जिथे मोबाइलची रेंज टेकडीवर जाऊन शोधावी लागते, तिथेही ही तपासणी होईल. दाखला नंतर रद्द झाला का, हे कळायला ताजी यादी लागेल. पण ती यादी छोटी असते आणि आठवड्यातून एकदा फोनमध्ये उतरवून ठेवता येते.

आणि ते मूळ ठेवायचं कुठे? चेनवर ठेवाच. पण छापूनही काढा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये कागदपत्रांवर तारखेचा शिक्का मारण्याची गणिती पद्धत मांडली. बिटकॉइनच्या निबंधात त्यांच्या कामाचे संदर्भ आहेत. त्यांची कंपनी १९९५ पासून ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत दर आठवड्याला एक हॅश छापत आली. लाखो घरांत गेलेलं वर्तमानपत्र कुणाला परत बोलावून दुरुस्त करता येत नाही. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाचं राजपत्र आहे. त्या आठवड्यात दिलेल्या सगळ्या दाखल्यांचं मूळ राजपत्रात चौसष्ट अक्षरांत छापलं, तर ते वाचायला ना नोड लागतो ना कुणाची परवानगी. ग्रंथालयात जाऊन ताडून बघता येतं.

केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ४ सप्टेंबर २०२४ ला ‘विश्वस्य’ नावाची राष्ट्रीय ब्लॉकचेन यंत्रणा सुरू केली. तिची यंत्रं एनआयसी या केंद्राच्या संगणक संस्थेच्या भुवनेश्वर, हैदराबाद आणि आपल्या पुण्याच्या डेटा सेंटरांत आहेत. परदेशी खिडकीचा प्रश्न त्याने सुटतो. पण ही परवानगीची चेन आहे. नोड कुणी चालवायचा हे शासन ठरवतं. म्हणजे वही आणि खिडकी दोन्ही एकाच हातात आली. अशा ठिकाणी तर पुराव्याचा आग्रह दुप्पट धरला पाहिजे. देणारी कचेरी, वही राखणारी कचेरी आणि वाचून दाखवणारी कचेरी एकच असेल, तर नागरिकाच्या हातात काय राहतं? तलाठ्याच्या दप्तराच्या काळात जे होतं तेच. पुण्यातल्या त्या यंत्रांवरच्या मुळांचे आकडे दर आठवड्याला राजपत्रात यायला हवेत, आणि विद्यापीठांना निदान वाचण्यापुरता नोड चालवायची परवानगी मिळायला हवी.

मागण्या फार नाहीत. ब्लॉकचेनवर सार्वजनिक नोंदी ठेवण्याची निविदा निघेल तेव्हा तपासणारं ॲप कुणाच्या नोडला विचारणार हे त्यात लिहिलेलं असावं. उत्तर पुराव्यासह घेतलं जाईल अशी अट असावी. तपासणीचा कोड खुला असावा, म्हणजे कंत्राटदार गेल्यावरही कुणालाही तेच ॲप दुसऱ्या नोडला जोडून चालवता येईल. आणि कारकुनाला एक लेखी सूचना असावी, जी मी माझ्या ॲपमध्ये त्या मेळाव्यानंतर त्याच रात्री उतरवली. आता तिथे तीन उत्तरं येतात. ‘नोंद जुळली.’ ‘नोंद जुळत नाही.’ आणि पिवळ्या अक्षरांत, ‘आत्ता तपासता आलं नाही, दोष प्रमाणपत्राचा नाही.’ तिसरं उत्तर आलं तर समोरच्याचा अर्ज तात्पुरता स्वीकारायचा आणि तपासणी पुन्हा करायची जबाबदारी कचेरीची, मुलाची नाही.